थ्रीचं ट्री

इंग्रजीच्या बाईंना गावात कुणी भाषणाला बोलवत नाही, बोर्ड तपासायला बोलवतं. रेवदंड्याच्या पंचक्रोशीतल्या एका मराठी शाळेत मी नोकरीची सगळी वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर आता वाडीतल्या सुपाऱ्या मोजत बसू, असं वाटलं होतं. पण या भागात घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या, त्या खोल्यांना बोर्ड लागले आणि माझी नोकरी बिनपगारी पुढे सुरू राहिली. बाजारात निघाले तर एखादी रिक्षा थांबते, आतून आवाज येतो, "बाई, अव्हेलेबलमध्ये एल किती?" दोन, असं बोटांनी दाखवून मी पुढे जाते. माझ्या मिस्टरांना सुरुवातीला वाटायचं, मी रिक्षावाल्यांना विजयाची खूण करते.

बोर्ड बरोबर असूनही भानगड होऊ शकते. माझा जुना विद्यार्थी विनायक, त्याची नागावच्या रस्त्याला नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत चार खोल्या. तो एकदा तोंड पाडून आला.

"बाई, पुण्यामुंबईची गिऱ्हाइकं फोनवर हसतात हो मला."

"बोर्डात चूक आहे का?"

"तुम्हीच तर तपासलात! मी फक्त सांगतो, आमच्याकडून बिच दोन मिनिटांवर आहे, आमचा बिच एकदम स्वच्छ आहे."

मी डोक्याला हात लावला. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शुद्धलेखनाचा अर्धा गुण जातो. इंग्रजीत ई आखूड निघाली तर समुद्रकिनारा जाऊन तिथे कुत्री येते, आणि तीही शिवीतली. हे त्याला सांगताना मलाच लाज वाटत होती, तो तर कानापर्यंत लाल झाला. मग त्याला युक्ती दिली. "बीच म्हणताना हसायचं. ओठ दोन्ही बाजूंना ताणले की ई आपोआप लांबते." त्याने ती इतकी मनावर घेतली की हल्ली हा शब्द आला की तो तोंडभर हसतो. मालक फार अगत्यशील आहेत, असा त्याच्याकडच्या पाहुण्यांचा समज आहे.

ज्यांनी हा धंदा केलेला नाही त्यांना वाटतं, इंग्रजी शिकवणं म्हणजे शब्द पाठ करून घेणं. खरं काम असतं ते मुलांचा राग काढण्याचं. मराठीत 'कमळ' जसं ऐकू येतं तसं लिहिलं जातं. तेच मूल पाचवी-सहावीत 'नाइफ'पाशी येतं आणि पुढचा के बघून चिडतं. एकदा मी वर्गात समजावलं की फार पूर्वी तिकडचे लोक तो के खरंच उच्चारत. पुढे तो बोलण्यातून गेला, पण छापखाने आले होते, स्पेलिंगं ठरून गेली होती, म्हणून लिहिण्यात राहिला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे बाई, के मेला, पण रेशनकार्डावर नाव तसंच?" इतकं चांगलं स्पष्टीकरण मला त्याआधी सुचलं नव्हतं. पुढे सगळ्या वर्गांना मी तेच दिलं.

नियम नसतात असं नाही. सीच्या पुढे ई, आय किंवा वाय आला तर तो स होतो, एरवी क. सेंट, सिटी, कप, कॅट. हा नियम मुलांना फार आवडायचा, कारण तो बहुतेक वेळा शब्द पाळतो. बाकीच्या नियमांना अपवादांची एवढी मोठी शेपटी की मुलं विचारत, "बाई, अपवादच पाठ केले तर चालतील का?"

आणि भांडण मिटवायला डिक्शनरी. शाळेतली कपाटात कुलूपबंद असे, म्हणून मी स्वतःची एक जाडजूड घेतली होती. पावसाळ्यात आमच्याकडची हवा तिच्या पानांत शिरायची आणि ती फुगून बसायची, मग आश्विनातल्या उन्हात तिला पापडांशेजारी वाळत घालावं लागे. पण तिचा दरारा मोठा. "बाईंच्या डिक्शनरीत हाय," म्हटलं की वाद संपला. आठवीतल्या एका मुलीने मात्र या दराऱ्याला पहिला धक्का दिला. मी 'शेड्यूल' म्हटलं तर ती उभी राहून म्हणाली, "बाई, फोनमधली बाई स्केड्यूल बोलते." मी डिक्शनरी उघडली. तिच्यात दोन्ही होते, एक इंग्लंडचा, एक अमेरिकेचा. दोन्ही बरोबर, असं मी सांगितल्यावर मुलगी हिरमुसून खाली बसली. एक बाई हरलेली बघायला तिला जास्त आवडलं असतं, मग ती फोनमधली का असेना.

एवढं सगळं करूनही माझ्या विषयाने किती मुलांची शाळा सोडवली, याचं वाईट वाटतंच. हरेश त्यातला एक. कोळीवाड्यातला, वर्गात सगळ्यांत मोठ्या आवाजाचा, दहावीला इंग्रजीत गेला आणि वडिलांच्या बोटीवर चढला. परीक्षेने त्याला स्पेलिंगं विचारली, व्याकरण विचारलं. तोंड उघडायला एकदाही सांगितलं नाही. तेवढं विचारलं असतं तर तो पास झाला असता. आता तो 'विठाई' या बोटीचा तांडेल आहे, म्हणजे बोट त्याच्या हुकमाने चालते. रस्त्यात भेटला की हसून ओळख करून देतो, "या आमच्या बाई. यांच्याच विषयानं मना दर्यात धाडला."

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या बंदीत, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, हा हरेश पाच-सहा तांडेल घेऊन आमच्या पडवीत आला. बरोबर त्याचा पांडूकाका आणि आई यमुनाबाई. यमुनाबाई आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी देते, त्यामुळे ती थेट झोपाळ्यावर बसली.

"बाई, आमाला इंग्रजी शिकवा," हरेश म्हणाला. "फकस्त शिव्या नको. त्या आमच्या आमाला येतान."

"कशासाठी रे?"

मग पांडूकाकांनी सांगितलं. आदल्या हंगामात त्यांनी जाळं टाकलं होतं आणि मुंबईकडे निघालेलं एक भलंमोठं मालवाहू जहाज सरळ त्या जाळ्यावरून गेलं. बोटीवर वायरलेसचा सेट असतो, त्याच्या सोळा नंबरवर आसपासची सगळी जहाजं कान लावून असतात. काका घसा बसेपर्यंत त्यात ओरडले. "मी सगलं सांगितला, बाई. त्याच्या आईपासून सुरवात केली. तिकरून आपला एकच बोलतंय, सर, से अगेन, सर, से अगेन. म्हनून मी परत सांगितला!"

"मासं काय इंग्रजी बोलतान काय?" यमुनाबाई झोपाळ्यावरून म्हणाली. "दहावीला येत नव्हता, आता काय येनार?"

"मासं नाय गो आये, बोटवालं बोलतान," हरेश म्हणाला. "आज जालं गेला. उद्या आमी जाऊ."

यमुनाबाईने पाय टेकवून झोपाळा थांबवला. मी दुसऱ्या दिवसापासून या म्हटलं.

मला इंग्रजी येत होतं, समुद्र येत नव्हता. मी होडीतून पैलतीरीसुद्धा घाबरत जाते. म्हणून तांडेलांनी तळा गावचे इस्माईलभाई शोधून आणले. ते जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते, आता निवृत्त. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द वेगळा मोजून घ्यावा. पडवीत फळ्याच्या एका बाजूला ते, एका बाजूला मी, असा वर्ग सुरू झाला.

अक्षरं तर छान गेली. वायरलेसवर बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक अक्षराला जगभर एकच शब्द ठरलेला आहे. एला अल्फा, बीला ब्राव्हो, एचला हॉटेल, आयला इंडिया. मी म्हटलं, वा, ही तर आमची बाराखडीच झाली, 'क' कमळाचा. मग आकडे आले.

"वन, टू, ट्री," इस्माईलभाई म्हणाले.

"थ्री," मी हळूच दुरुस्ती केली.

"ट्री."

"इस्माईलभाई, ट्री म्हणजे झाड."

"दर्यात झाडं नसतात, बाई. कुणाचा गैरसमज होणार?"

तांडेल फिदीफिदी हसले. इस्माईलभाई शांतपणे पुढे गेले. फाइव्ह नाही, फाइफ. नाइन नाही, नायनर. थाउजंड नाही, टाउझंड. मी आत जाऊन डिक्शनरी घेऊन आले आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते आदराने वाचलं, मग पिशवीतून स्वतःचं बारकं पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. जहाजांवर कसं बोलायचं, याचं ते पुस्तक. त्यात छापलं होतं, तीनाचा उच्चार ट्री. मी छपाईची चूक शोधली. सापडली नाही.

"बाई, तुमचा थ जिभेच्या टोकावरून हवेसारखा निघतो," ते म्हणाले. "खरखर सुरू झाली की तो पहिला गायब. आणि जहाजावर कोण असतं? कुणी फिलिपिन्सचा, कुणी रशियाचा, कुणी चीनचा. त्यांतल्या निम्म्यांना तो थ जमतच नाही. म्हणून सगळ्यांच्या तोंडात बसेल तो उच्चार ठेवला. थर्टी म्हणायचं नाही, थर्टीन म्हणायचं नाही. दोन्ही सारखेच ऐकू येतात. एकेक आकडा सुटा. नकाशात आपलं रेवदंडा अठरा अंश तेहतीस मिनिटं अक्षांशावर. म्हणजे वन एट, ट्री ट्री. ऐकणाऱ्याने चुकून तेहतीसचे तेरा ऐकले तर तुमची बोट मुरूडच्याही खाली गेली."

त्या दिवशी मी जेवताना बोटांवर आकडे पुटपुटत होते. मिस्टरांनी कारण विचारलं. "तिसापर्यंतचे आकडे पुन्हा शिकतेय," मी सांगितलं. एवढी वर्षं मुलांना जीभ दातांत धरायला लावून जो थ मी काढून घेतला, तो समुद्रावर कुणाला नकोच होता! पण पुस्तक पुस्तक असतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी स्वतःच्या हाताने 'ट्री' लिहिलं आणि सगळ्यांकडून म्हणून घेतलं.

बाकीच्यांना एका दिवसात जमलं. अडकला तो हरेश. आठवीत मी शिकवलेल्या सगळ्या गोष्टींपैकी त्याच्या डोक्यात एकच टिकली होती, आणि ती होती थ.

"तुमीच बोललं, जीभ दातांत धर," तो कुरकुरला. "आता बोलतंव, सोड. एकदा काय ता ठरवा ना, बाई!"

दुसरं एक वाक्य मात्र त्याला फार आवडलं. नॉट अंडर कमांड. बोट बंद पडली, वळवता येत नाही, माझ्या ताब्यात नाही, असं सांगायचं असलं की समुद्रावर हे तीन शब्द. हरेश ते घरीदारी वापरायला लागला. बायकोने बाजारातून काही आणायला सांगितलं तरी म्हणायचा, नॉट अंडर कमांड.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या, वर्ग संपला. त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी असं दाट धुकं पडलं की आमच्याच माडांचे शेंडे दिसेनात. उजाडून बराच वेळ झाला तरी यमुनाबाईची हाक आली नाही. ती आली तीच मासळीच्या पाटीशिवाय, अनवाणी.

"बाई, बाकीच्या बोटी आल्या. विठाई नाय आली. पोराचा फोन लागत नाय. पांडू पन त्याच्याच संगती हाय."

मी काय करणार होते? तरी चप्पल घालून तिच्याबरोबर बंदरावर गेले. तिथे बायका उभ्या होत्या, पण गलका नव्हता. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांवरून दव टपकत होतं. एक बोट शोधायला गेली आहे, एवढंच कळलं. यमुनाबाईने माझा हात धरला आणि सोडला नाही. मासळी देताना तिचा हात हजारदा माझ्या हाताला लागला असेल. तो इतका गार मला कधी लागला नव्हता. मध्येच ती म्हणाली, "इंग्रजी येता ना त्याला आता?" मी "येतं" म्हटलं. याहून मोठ्या परीक्षेला मी कुणाला बसवलं नव्हतं आणि निकाल माझ्या हातात नव्हता.

धुकं विरायला लागलं तेव्हा खाडीच्या तोंडाशी दोन बोटी दिसल्या. पुढची ओढत होती, मागची विठाई. यमुनाबाईने माणसं मोजली आणि मग इतक्या जोरात हरेशला शिव्या घातल्या की शेजारच्या बायका हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. तो उडी मारून धक्क्यावर आला, आईजवळ उभा राहिला आणि मला बघून ओरडला, "बाई, झाडानं वाचवला!"

दुपारी पडवीत बसून काका-पुतण्याने सगळं सांगितलं. पहाटेच जाळं टाकलं होतं. उजाडता उजाडता त्याचा दोर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळला गेला आणि इंजिन बंद पडलं. वर धुकं. आणि त्या धुक्यातून मोठ्या जहाजाचा भोंगा. एकदा लांब, मग थोडा जवळ, मग असा की पोटात घुमावा. खलाशी टोप बडवायला लागले. हरेशने सेट उचलला.

"ऑल शिप्स, ऑल शिप्स. धिस इज फिशिंग बोट विठाई. नॉट अंडर कमांड. नेट इन वॉटर."

तिकडून आवाज आला, "बोट नेम, स्पेल."

"मी स्पेल केला. व्हिक्टर, इंडिया, टँगो, हॉटेल, अल्फा, इंडिया."

"तेवा मी याच्यावर खेकसलो," पांडूकाका म्हणाले. "तो पार अंगावर येतंय आनि यो त्याला सांगतंय इंडिया, हाटेल! मी बोल्लो, अरे मेल्या, जेवाला बोलवतस काय त्याला?"

मग त्या माणसाने विचारलं, बोट कुठे आहे? हरेशने जीपीएसवर बघितलं आणि घाईत, शाळेतल्यासारखं, जीभ दातांत धरून म्हणाला, "एटीन, थर्टी थ्री."

तिकडून प्रश्न आला, "वन एट, वन ट्री?"

"बाई, अंगाला काटा आला. तो मना मुरूडच्या खाली पाठवत होता! भोंगा तर डोक्यावर. तवा इस्माईलभाईंचा तोंड समोर आला. मी बटन दाबला आनि बोल्लो, निगेटिव्ह, निगेटिव्ह. वन एट, ट्री ट्री. ट्री! ट्री!"

थोडा वेळ नुसती खरखर. मग उत्तर आलं, "विताई, अंडरस्टूड. ट्री ट्री. आय आल्टर कोर्स. स्टे देअर."

"आता जानार कुठं व्हतो," काका म्हणाले.

भोंग्याची दिशा बदलली. धुक्यातून काळी भिंत सरकावी तसं जहाज त्यांच्या उजव्या अंगाने लांबून गेलं. त्याच्या लाटेने विठाई अशी हलली की टोप घरंगळले. जाळंही वाचलं. जाताना त्या माणसाने जहाजवाल्यांचा रामराम केला, "गुड वॉच, विताई," आणि हरेशने "थँक्यू, सर" म्हटलं. पूर्ण थ लावून, हे त्याने मला मुद्दाम सांगितलं.

"एक बोलू, बाई? त्याचा इंग्रजी पन आपल्यासारखाच व्हता. तोडून तोडून. तो पन कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी बाईच्या हाताखाली शिकलेला आसंल."

ते ऐकून मी आत चहा टाकायला गेले, म्हणजे तसं कारण काढून गेले. इस्माईलभाईंना फोन केला. ते म्हणाले, "अल्हमदुलिल्लाह. बाई, तुमचा विद्यार्थी पास झाला." मी म्हटलं, "तुमचाही."

यंदा गणपतीनंतर मी हरेशला म्हटलं, मला तो सेट दाखव. मला एक रुखरुख होती, कुणाला कधी सांगितली नव्हती. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण ज्याला मराठी येत नाही अशा माणसाशी मी कधी इंग्रजीत बोललेच नव्हते. माझं सगळं इंग्रजी मराठी माणसांकडून शिकलेलं आणि मराठी माणसांनीच ऐकलेलं. हरेशने दोघा खलाशांच्या आधाराने मला विठाईवर चढवलं. सेट भिंतीवर टांगलेला, केवढासा. आतून आवाज येत होते. कुठल्या कुठल्या देशांचे, नाकातले, घशातले, गाणं म्हणावं तसे. एकाचा उच्चार दुसऱ्यासारखा नाही आणि कुणाचं काही अडत नाही. माझ्या डिक्शनरीत यातलं कुणीच बसलं नसतं.

"निघायच्या आधी सेट तपासाय लागतंय," हरेशने मला माइक दिला. "बटन दाबा आनि बोला, रेडिओ चेक."

मी तो तोंडापाशी धरला. बटन दाबलं. मी म्हणाले, "धिस इज फिशिंग बोट विठाई. रेडिओ चेक, प्लीज."

खरखर झाली. मग कुठल्याशा जहाजावरून, न बघितलेल्या माणसाचा स्वच्छ, सावकाश आवाज आला, "विठाई, गुड मॉर्निंग. आय रीड यू लाउड अँड क्लिअर."

मी बटन दाबलं आणि उत्तर दिलं. काय दिलं, ते हरेश अजून गावभर सांगत सुटला आहे. मी म्हणाले, "शाब्बास. बस खाली."